दिवा परत कधी ठेवायचा

टेबलाभोवती कुणीच बोलत नव्हतं.

खेळणाऱ्या दोघींनी बोलायचं नाही, हा खेळाचाच नियम होता. त्यांचं मौन समजण्यासारखं होतं. पण तिसऱ्या खुर्चीतल्या माणसाचं गप्प राहणं निराळं होतं. तो खेळत नव्हता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, ओठ घट्ट मिटून, तो दोघींतल्या धाकटीच्या बोटांकडे असा बघत होता, जणू त्या बोटांनी त्याच्या घरातली एखादी वस्तू त्याच्या डोळ्यांदेखत उचलली आहे आणि ओरडायचीही सोय नाही.

तिने उचलला होता तो बोटाच्या पेराएवढा एक पिवळा लाकडी ठोकळा. नियमांच्या पुस्तिकेत त्याला दिवा म्हटलं होतं. टेबलावर अंथरलेली निळ्या कापडाची पट्टी म्हणजे नदी. या काठावर ती, त्या काठावर काकू. दोघींनी आपापल्या बाजूने पुठ्ठ्याचे तुकडे जोडत जायचं आणि एक शब्दही न बोलता मधोमध पूल जुळवायचा. अडलं, तर नदीतला दिवा उचलून आपल्या काठावर ठेवायचा. त्याचा अर्थ एकच— तू ये. मग समोरच्याने हातातलं काम टाकून या काठावर येऊन तुकडा लावायचा.

तिने तिसऱ्याच खेळीला दिवा उचलला होता. आता अकरावी खेळी चालू होती आणि दिवा अजून तिच्याकडेच होता. काकू बिचाऱ्या निमूटपणे नदी ओलांडून तिचाच पूल बांधत होत्या. त्यांचा स्वतःचा काठ उजाड. शेवटी तिचा पूल डौलात नदीच्या मध्यापर्यंत पोहोचला, आणि त्याला भेटायला पलीकडून कुणीच आलं नाही.

"पूल पडला," काकू म्हणाल्या. "आणि फुकटात माझी कंबर मोडली."

आता बोलायला हरकत नव्हती. मग त्या माणसाने हात मांड्यांखालून सोडवले.

"दिवा..." त्याचा आवाज बराच वेळ बंद राहिलेल्या खिडकीसारखा कुरकुरला. "दिवा परत मध्ये ठेवायचा असतो. दरवेळी."

"कुठे लिहिलंय?" तिने विचारलं.

त्याने पुस्तिका घेतली. पुढे चाळली, मागे चाळली. कानाच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या.

"नाही लिहिलेलं."

"मग?"

"मला माहीत होतं ना... म्हणून राहून गेलं."

ती हसली. हसायचं नव्हतं, पण हसली. "अहो, मनात असलेलं कागदावर आपोआप उतरत नाही."

खरं तर ती खेळायला आलीच नव्हती. सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरच्या या खोलीत तिचे बाबा दर रविवारी खेळायला येत, आणि मागच्या रविवारी ते चष्मा विसरून गेले होते. ती चष्मा न्यायला आली, तर काकूंनी तिला दारातच अडवलं. खोली काकूंची, खोलीचे कायदेही काकूंचे: चहाचा कप टेबलावर नाही, आणि खुर्ची ओढायची नाही, उचलायची. फळ्यांची जमीन, खुर्ची ओढली की खालच्या सायकलवाल्याच्या डोक्यावर धूळ पडते आणि तो पाना घेऊन वर येतो. काकू म्हणाल्या होत्या, "दुसरा खेळाडू आलाच नाही बघ. तू हा खेळ पाहिलेला नाहीस, म्हणून तूच हवीस. अर्धा तास." नवा खेळ असाच तपासतात, हे तिला ठाऊक होतं. ज्याने तो रचला त्याने शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही; कारण उद्या खोकं घरोघर जाईल, तेव्हा समजावून सांगायला तो काही खोक्यात बसून जाणार नसतो.

"नशीब समज," काकू त्याला म्हणाल्या, "आज चूक सापडली. तीही कुणाला? अरे, ही भिंग."

तो उठू पाहत होता. पुन्हा खाली बसला.

"ती... पत्रवाली भिंग?"

"तीच."

"देवा," तो म्हणाला.

भिंग हे तिचं नाव नव्हे, पण एव्हाना नावासारखंच झालं होतं. दिवसा ती औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं तपासत असे. मुंगीएवढ्या अक्षरांत 'दिवसातून दोनदा' लिहिलं आहे की 'दोन दिवसांतून एकदा', हे पाहण्याचा पगार तिला मिळे. आणि दर पंधरवड्याला ती चारएकशे अनोळखी माणसांना एक पत्र पाठवत असे. पत्राचं नाव 'घ्यावा की थांबावं'. विषय एकच: क्राउडफंडिंगवर आलेले पटावरचे नवे खेळ.

त्या दुनियेची रीत मोठी अजब. खेळ अजून छापलेलाच नसतो. असतात ती सुंदर चित्रं, कच्चे नियम आणि एक वचन. ज्यांना खेळ हवा, त्यांनी पैसे आधी भरायचे. मुदतीत ठरलेली रक्कम जमली तर खेळ तयार होणार. नाही जमली, तर ज्याचे पैसे त्याला परत. म्हणजे जे अजून नाही, त्यावर विश्वास टाकायचा. कुणावर टाकावा आणि कुणावर टाकू नये, हे ती लोकांना सांगत असे. वाचणारे म्हणत, भिंगचं 'घ्या' क्वचितच येतं, पण येतं तेव्हा डोळे मिटून घ्यावं.

तिचं 'घ्या' क्वचित का येई, ते फक्त घरात माहीत होतं. चार वर्षांपूर्वी एका भल्यामोठ्या खेळावर ती भाळली होती. धुक्यातल्या बेटांची चित्रं, मेणबत्तीच्या उजेडातले नकाशे... तिने कौतुकाने पत्र लिहिलं, लोकांनी भरवशाने पैसे भरले, बाबांनीही भरले. मग दर महिन्याला दिलगिरीचं एक पत्र येत राहिलं. मग दर तिमाहीला. मग तेही थांबलं. खेळ आला नाही. बाबांनी त्याची थट्टा करून टाकली. दाराची घंटा वाजली, की आतल्या खोलीतून हाक येई, "पार्सल आलं का गं?" ती हसे, पण दरवेळी आत कुठेतरी खिळा किंचित खोल जाई. तेव्हापासून, जे हातात धरता येत नाही त्याला तिने हो म्हटलं नव्हतं. आत्याने आणलेल्या स्थळांनाही नाही. "मुलगा जरा तापट आहे, पण लग्नानंतर शांत होईल," असं आत्या म्हणाली, तेव्हा तिने अगदी मनापासून विचारलं होतं, "कोणत्या आधारावर?"

आत्या अजून ते सगळीकडे सांगते.

*

पुढच्या गुरुवारी ती खोलीत आली. बाबांचा चष्मा आता घरीच होता.

"आज काय विसरलंय?" काकूंनी विचारलं.

"मागच्या वेळी नीट निरोप घ्यायचा विसरले," ती म्हणाली. काकूंनी पुढे काही विचारलं नाही, पण भुवया मात्र बऱ्याच वेळाने खाली आल्या.

तो नवी पुस्तिका घेऊन बसला होता. काकू त्याला पूलवाला म्हणत, आणि ते नुसतं खेळावरून नव्हतं. बांधकामखात्यात तो पुलांचे नकाशे काढत असे.

"नऊ वर्षं," त्याने सांगितलं. "एकवीस पूल काढले."

"मी कुठल्या पुलावरून गेले असेन?"

"एकाही नाही. एकही बांधला गेला नाही. कधी जागा बदलते, कधी साहेब बदलतात..." त्याने नदीची सुरकुती तळव्याने सारखी केली. "हा बाविसावा. म्हटलं, निदान टेबलाएवढा तरी बांधून बघावा."

त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, म्हणूनच ते तिच्याबरोबर घरापर्यंत गेलं.

मग गुरुवारमागून गुरुवार आले. तो नियम लिहून आणी आणि ती लाल पेनाने त्यांची दाणादाण उडवी. दिवा एका खेळीनंतर परत ठेवायचा, असं त्याने लिहिलं. खेळ घड्याळासारखा कोरडा झाला. दोन खेळींनंतर ठेवायचा असं केलं, तर समोरच्याच्या दोन खेळ्या वाया जातील म्हणून खेळाडू दिव्याला हात लावायला घाबरू लागले.

"तुमचे खेळाडू मदत मागायला लाजतात," ती म्हणाली.

"रचणाऱ्यावर गेलेत."

"आणि मी? पहिल्या दिवशी अकराव्या खेळीपर्यंत दिवा दाबून बसले होते. मी काय निर्लज्ज?"

"तुम्ही..." तो अडखळला. पुठ्ठ्याचा एक तुकडा त्याने बोटांत फिरवला, पालथा घातला, परत उलटा केला. "तुम्हाला कुणी परत ठेवा म्हणून सांगितलं नव्हतं."

खिडकीतून येणारं तिरपं ऊन तेव्हा नेमकं निळ्या कापडावर पडलं होतं. नदी उजळली. दोघांनीही मान खाली घालून नदीकडेच बघायचं ठरवलं, आणि नदी त्या मानाने फार अरुंद होती.

घरी बाबांनी विचारलं, "हल्ली गुरुवारी कुठे असतेस?"

"एक खेळ तपासतेय."

"दोन महिने?"

"नियम कच्चे आहेत."

"हं," बाबा म्हणाले. "पिकू दे."

*

खेळासाठी पैसे जमवायची त्याची मोहीम सुरू झाली, ते त्याने तिला सांगितलं नाही. इतरांसारखंच तिला ते स्क्रीनवर दिसलं. तीस दिवसांची मुदत, वर त्याच्या सुबक हातची नदी. तिने कौतुकाने पान उघडलं आणि औषधाचं पत्रक वाचावं तसं वाचत खाली गेली. खाली जाता जाता तिचा चेहरा उतरत गेला.

धातूचे पूल. रंगीत पेटी. रक्कम वाढली, तर दुसरी नदी, तिसरी नदी. आणि शेवटी ठळक अक्षरांत— आठ महिन्यांत तुमच्या घरी.

गुरुवारी ती खुर्चीत बसलीसुद्धा नाही.

"धातूचे तुकडे कोण ओतून देणार?"

"दोघांशी बोलणं चाललंय."

"नमुना पाहिलात?"

"अजून नाही."

"मग आठ महिने कुठून आले?"

त्याने हातातली पुस्तिका मिटली. मग म्हणाला, "सगळे आठच लिहितात. सल्ला देणारे म्हणाले, त्याहून जास्त लिहिलं तर कुणी थांबत नाही. आणि नुसत्या पुठ्ठ्याकडे कुणी बघतही नाही." मग हळूच, "रक्कम पूर्ण झाली आहे. काल. सहाव्या दिवशी. बाविसावा पूल होतोय, भिंग."

त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद तिला बघवेना. धुक्यातली बेटं तिला आठवली. तिथल्या माणसाचाही असाच असेल का चेहरा, सुरुवातीला? लबाडीने नाही, आनंदातच बुडतात का माणसं आणि बुडवतात?

त्या रात्रीची झोप तिने पत्रावर खर्च केली. चारएकशे माणसं विचारत होती: पूलवाल्या खेळाचं काय? 'घ्या' लिहिलं, तर तिचा शब्द खोटा. 'थांबा' लिहिलं, तर... तर काय, ते तिने मनातही पुरतं लिहिलं नाही. सकाळी तिने पत्राचा कागद त्याच्या हातात दिला. त्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधोमध.

"उद्या जाणार आहे. तुम्ही आधी वाचावं असं वाटलं."

त्याने उभ्या-उभ्या वाचलं. पत्रात लिहिलं होतं: खेळ सुंदर आहे, रचणारा प्रामाणिक आहे, पण दिलेल्या तारखेला आधार नाही. थांबा.

तो दोनदा वाचून झाला. मग त्याने खिशातलं पेन काढलं.

"एक दुरुस्ती सुचवू?"

ती म्हणाली, "बोला."

त्याने तीन शब्दांखाली रेघ ओढली. "'रचणारा प्रामाणिक आहे.' हे काढून टाक. तुझ्याकडे पुरावा नाही."

कागद तिच्या हातात देऊन तो पायऱ्या चढून गेला. कितीतरी वेळाने तिच्या लक्षात आलं— तो 'तू' म्हणाला होता. आणि असल्या वेळी म्हणाला होता.

तिने ते शब्द काढले. पत्र गेलं.

*

काही माणसं मोहिमेतून बाहेर पडली, बरीच राहिली. रक्कम तरीही पुरेशी होती. पुढच्या गुरुवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लाल पेन तिने ऑफिसच्या खणात मागे सरकवून ठेवलं.

मुदत संपायला चार दिवस राहिले असताना, सकाळी चहा घेता घेता, बाबांनी चष्मा पुसला आणि फोन लांब धरला.

"ऐक गं. 'मी ही मोहीम थांबवतो आहे. सर्वांचे पैसे परत जातील. मी दिलेली तारीख माझी नव्हती. सगळे लिहितात म्हणून मी ती लिहिली होती. जो पूल किती भार सोसेल हे मला माहीत नाही, त्यावर माणसांना चालायला बोलावणं मला शिकवलेलं नाही. नमुना हातात आला, की पुन्हा येईन. छोटा खेळ घेऊन. नाही आलो, तर तसं कळवीन.'"

कप तिच्या ओठांपाशीच राहिला.

"हे... तुम्हाला कसं आलं? हे तर पैसे भरणाऱ्यांनाच पाठवतात."

बाबांनी फोन उलटा ठेवला.

"बाबा! मी थांबा म्हणून लिहिलं होतं!"

"लिहिलं होतंस. पण दोन महिने गुरुवारी जात होतीस. मी त्या दुसऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवला." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "चार वर्षं झाली, बाळ. पार्सल येणार नाही, हे आधी येऊन सांगणारा हा पहिलाच माणूस."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काहीच घडत नव्हतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं, आणि चादर दरवेळी क्षणभर हवेत तरंगत राही... खाली येण्याआधी.

आतला खिळा तिने चाचपून पाहिला. तो होता, पण आज त्याला काही टांगता आलं असतं.

*

अडीच महिन्यांनी, एका गुरुवारी, काकूंचा निरोप आला: "नमुना आलाय. खुर्ची रिकामी आहे."

खोली तशीच होती. कोपऱ्यात काकू पत्त्यांचे जोड लावत बसल्या होत्या आणि आपण ऐकत नाही आहोत, हे दाखवण्यासाठी फार मेहनत घेत होत्या. टेबलावर एक साधी पेटी. धातू नाही, दुसरी नदी नाही. निळं कापड, पुठ्ठ्याचे तुकडे, आणि पिवळा दिवा.

तो उभा राहिला. खुर्ची उचलून.

"हे आहे एवढंच," तो म्हणाला. "छापणाऱ्याने तारीख दिली, तिच्यात मी तीन महिने वाढवले. कमी लोक येतील. कदाचित पुरेसे येणारच नाहीत."

"मग बाविसावा पूल?"

"राहील कागदावर. सवय आहे." मग थांबून, "नाही. ते खोटं बोललो. सवय नाही होत."

ती बसली. तिने पुस्तिका उघडली आणि नेहमीसारखी, शब्दावर बोट ठेवून वाचत गेली. तो मांड्यांखाली हात दाबून बसला. शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं.

'दिवा ज्या काठावर, त्याच काठापासून दोघांनी मिळून बांधत जायचं. दिवा परत कधी ठेवायचा, ते ज्याच्याकडे दिवा आहे त्याने ठरवावं. समोरच्याने विचारू नये.'

"हे तर..." ती म्हणाली, "हे पहिल्या दिवशी मी चुकले होते, तेच."

"हो. मधोमधच भेटायचं, हा माझा हट्ट होता. तो सोडला. पूल एकाच काठावरून सुरू झाला तरी पलीकडे पोहोचतो. करून बघ हवं तर."

त्यांनी करून पाहिलं. एक शब्द न बोलता. तिने दिवा घेतला, तो नदी ओलांडून तिच्या काठावर आला, आणि तुकड्याला तुकडा लागत गेला. एका अरुंद जागी दोघांची बोटं एकाच तुकड्यावर आली. कुणीच आधी काढली नाहीत. पूल पलीकडे टेकला तेव्हा कोपऱ्यातल्या काकूंनी उगाचच नाक शिंकरलं.

"नियम?" त्याने विचारलं.

"पुरे आहेत. एकही दुरुस्ती नाही."

"म्हणजे... या वेळी?"

"या वेळी मी पैसे भरणार. पहिल्याच दिवशी." तिने पुस्तिका मिटून नीट पेटीत ठेवली. "पण पत्रात या खेळाबद्दल लिहिणार नाही. 'घ्या' नाही, 'थांबा'ही नाही."

त्याचा चेहरा पडला. तिच्या एका शब्दावर चारएकशे माणसं येतात, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्याने आग्रह केला नाही. फक्त विचारलं—

"का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. भार किती सोसेल हे मोजूनच पाऊल टाकणारे ते डोळे. नऊ वर्षं न बांधलेल्या पुलांची ती बोटं. जिच्या मताला किंमत होती, कारण ते कुणाच्याही बाजूचं नसे, ती आता एका बाजूची झाली होती. हे असं मोठ्याने कसं सांगतात, ते कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

तिने हात पुढे केला. पूल उचलला नाही, पेटी उचलली नाही. आपल्या काठावरचा दिवा तेवढा उचलला, मुठीत घेतला, आणि उठली. खुर्ची उचलून जागेवर ठेवली. काकूंना मान लववली. दारातून बाहेर पडून जिना उतरू लागली. सावकाश, एकेक पायरी, मागे न वळता. लाकूड तिच्या तळव्यात ऊबदार होत होतं.

अर्धा जिना उतरली असेल-नसेल, तोच वर एक खुर्ची करकरत ओढली गेली. खालच्या सायकलवाल्याने वर बघून काहीतरी खरमरीत सुनावलं, आणि काकूंचा आवाज खणखणीत आला, "अरे, उचलून! खुर्ची उचलून रे!"

ती चालत राहिली.